जावयाचं चाक

“ह्याला घंटी म्हणत्यात व्हय?”

ईरण्णा मिस्त्रीनं ती चकचकीत घंटी मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली होती. समोर श्रीपती उभा. श्रीपती म्हणजे मुरुमच्या दूध संस्थेचा गडी. सायकलला कॅन लावून खेड्याखेड्यातनं दूध गोळा करून आणायचा. नळदुर्गाहून हौसेनं घंटी घेऊन आला होता.

“वाजवून तर बगा मिस्त्री.”

ईरण्णानं वाजवली. किणकिण झालं.

“ही वाजवलीस तर म्होरचा माणूस बाजूला सरायचा न्हाय, लेका. मागं वळून तुज्या हातावर भीक ठिवंल.”

दुकानापुढं बसलेली चार टाळकी खो खो हसली. श्रीपतीही हसला. त्यानं घंटी खिशात टाकली आणि ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

मुरुमच्या बाजाराची ही रीतच होती. गावात कुठलीही नवी वस्तू आली, मग ती पंप असो, स्टो असो की कंदील, आधी ईरण्णाच्या दुकानात यायची. धंदा त्याचा सायकलीचा, पण तुच्छपणा सगळ्या वस्तूंना सारखा वाटायचा. वस्तू उलटीसुलटी करायचा, बाजूला पानाची पिंक टाकायचा आणि नावं ठेवायचा. नावं नाही ठेवली, नुसतं “हं” म्हणून परत दिली, तर घेणाऱ्यानं पेढे वाटावेत. त्या “हं”ला जेवढी किंमत होती, तेवढी कंपनीच्या छापील कागदालाही नव्हती. आणि “चांगलं हाय” हे शब्द तर त्याच्या तोंडून कुणी ऐकलेच नव्हते. बायको मथुराबाई म्हणायची, “लग्नात मला बघून बी हं म्हणले हे. तवा मला काय ठावं, ते लई झालं म्हून!”

पण त्याच जिभेनं घरात एक मोठं खांडूक करून ठेवलं होतं.

त्याला एकच लेक, गुलाब. दिली होती साखर कारखान्यातल्या टर्नरला. कल्याणप्पा नाव. पोरगा निर्व्यसनी, मान खाली घालून बोलणारा, पण डोक्यात किडा. जगानं जे गोल केलंय ते चपटं करावं आणि आखूड केलंय ते लांब करावं, असं त्याला सारखं वाटायचं. पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला आला, तो सायकलला वीतभर लांब क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, लावून. म्हणाला, पान्हा लांब असला की नट लवकर सुटतो, मग क्रँक लांब असला की सायकल का पळायची नाही? आता ह्यावर माणूस काय बोलणार? बोलणं खरंच होतं. फक्त एवढंच, की पान्ह्याला जमीन लागत नसते. बाजाराच्या वळणावर कल्याणप्पानं सायकल कलती केली, पायडल भुईत रुतलं आणि जावईबापू नव्या कोऱ्या धोतरासकट आडवे.

ईरण्णानं दुकानातनं पाहिलं. गप बसला असता तर तो ईरण्णा कसला?

“जावईबापू, पेरण्या तर कवाच उरकल्या की! आता काय रस्ता नांगरायलाव?”

बाजार असा हसला, की बैल बुजले. संध्याकाळपर्यंत कल्याणप्पाचं नाव ‘नांगऱ्या’ पडलं. रात्री ताट वाढलेलं, पुरणपोळीवर तूप सोडलेलं, तसंच टाकून तो उठला आणि गेला. गुलाब दारात उभी राहिली. तिला कुणी ‘चल’ म्हणालं नाही.

ती दिवाळी गेली, दुसरी येऊन गेली. गुलाब माहेरातच. गल्लीतल्या बायका आधी “कवा जाणार गं?” विचारायच्या, मग विचारीनाशा झाल्या, ते जास्त वाईट. मथुराबाई नवऱ्याला भाकरी वाढायची, पण ती पण आदळून.

“सगळ्या जगाला नावं ठिवली,” ती म्हणायची, “आता लेकीला गावानं ठिवलेली ऐका.”

ईरण्णा खाली बघून भाकरी मोडायचा.

तर श्रीपतीच्या घंटीवरनं हसणं चाललेलं, तेवढ्यात मागच्या दारानं गुलाब आली. धापा टाकत.

“अप्पा, ते आल्यात.”

“कोण ते?”

“ते की ओ!”

ईरण्णानं रस्त्याकडं पाहिलं. चैत्राचं ऊन, धुळीचा लोट, आणि त्या लोटातनं कल्याणप्पा सायकलवर येत होता. पण ते येणं सरळ नव्हतं. उंटावर बसल्यागत माणूस पुढं झुकायचा, मागं यायचा, पुन्हा झुकायचा. जवळ आला तेव्हा ईरण्णाची नजर पायडलाजवळ गेली आणि तिथंच खिळली. चैनव्हील गोल नव्हतं. दोन्ही अंगांनी दाबलेलं. लांबट. चक्क अंड्यासारखं.

लिंगायताचं घर. तीन पिढ्यांत उंबऱ्याच्या आत अंडं आलं नव्हतं. आणि जावयानं ते सायकलला लावून आणलं होतं!

एवढं मोठं बोलणं ईरण्णाच्या घशाशी येऊन थांबलं, की त्याला ठसका लागला. मागं वळून पाहिलं तर दारात मथुराबाई उभी. हात पिठाचे. तिनं नुसतं बघितलं. ईरण्णानं ते बोलणं पानासकट गिळलं.

“या जावईबापू. शरणु.”

“शरणु, मामा.” कल्याणप्पानं सायकल स्टँडला लावली. पाया पडला, पण मान वर करीना. “गुलाबला न्यायला आलोय. आई म्हणली, झालं गेलं...” मग सायकलकडं बघून त्याचा आवाज एकदम बदलला. लेकरानं पाटीवरचं चित्र दाखवावं तसा. “आन् हे बी दावायचं व्हतं. म्या केलंय. कारखान्यात, सुट्टीच्या टायमाला. कानसीनं एकएक दात काढला.”

तोवर माणसं जमली. जावई पुन्हा काहीतरी घेऊन आलाय म्हटल्यावर बाजार काय घरी बसतो? दूध संस्थेचे चेअरमन हिंमतराव पण शेजारच्या हॉटेलातनं कपबशी हातात घेऊन आले. हिंमतराव म्हणजे असा माणूस, की दुसऱ्याच्या लग्नात पण त्यालाच हार पाहिजे.

“हे कामून असं दाबलंय, टर्नर?” त्यांनी विचारलं.

कल्याणप्पानं पायडल हातानं फिरवून दाखवलं. “बगा, पायडल वर आसतंय आन् खाली आसतंय तवा पायात जोर नसतोय. तिथं चाक बारीक येतंय, म्हंजे हलकं. मदी पाय जोरात रेटतोय, तिथं चाक मोठं. जिथं जोर तिथं काम, जिथं जोर न्हाय तिथं इसावा.”

“वा!” हिंमतराव म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं. “ईरण्णा, तू सांग. हे खरं का पुन्हा नांगर?”

नांगर म्हटल्याबरोबर चारजण फिसकले. कल्याणप्पाचे कान लाल झाले.

ईरण्णानं न बोलता सायकल घेतली आणि टांग टाकली. मारुतीच्या देवळाला वळसा घालून यायचं ठरवलं. निम्म्या वाटेतच त्याला सगळं कळलं. जावयाचं बोलणं चुकीचं नव्हतं. एवढंच, की बोलणं गोड असलं म्हणून पायाला ते गोड लागत नाही. एका जागी पायडल हातातनं सुटलेल्या दोरीसारखं पळायचं, दुसऱ्या जागी बसक्या बैलासारखं अडायचं. आणि चैन! चैन काय रबर आहे, चाक फुगलं की ताणायची आणि बारीक झालं की आवळायची? क्षणात ताठ, क्षणात लोंबती. रिकामी सायकल होती म्हणून भागलं. ओझं घालून चढाला लावली, की ही चैन दातावर बसायची नाही. फायदा किती? श्रीपतीच्या घंटीएवढा. तोटा मात्र कधी ना कधी होणार. ईरण्णाच्या पोटात एकाला एक लागून अशी पाच-सहा बोलणी तयार झाली, की कुठलं आधी टाकावं, हीच पंचाईत.

तो दुकानापुढं आला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. कल्याणप्पा तर असा उभा होता, की न्यायाधीशापुढं चोरानं काय उभं राहावं. आणि दारात गुलाब. डोक्यावर पदर, पायाशी पत्र्याची ट्रंक. कुणी सांगायच्या आधीच तिनं भरून ठेवली होती. कडी पण लावली होती.

ईरण्णा खाली उतरला. पिंक टाकायला तोंड बाजूला वळवलं. मग पिंक न टाकताच वळवलेलं तोंड परत आणलं.

“चांगलं हाय,” तो म्हणाला.

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. श्रीपतीनं तर जवळ येऊन विचारलं, “काय म्हणलाव मिस्त्री?”

“कान फुटले व्हय तुजे? चांगलं हाय म्हणलो.”

त्या दिवशी कल्याणप्पा पोटभर जेवला. दुपारच्या एस्टीनं गुलाब गेली. गाडी हलली तेव्हा मथुराबाईनं नवऱ्याकडं बघितलं आणि कितीतरी दिवसांनी म्हणाली, “च्या टाकू का?”

पण ईरण्णाचा शब्द काही घरात बसून चहा प्यायला थांबला नाही. तो संस्थेत गेला. हिंमतरावांनी मीटिंग घेतली. म्हणाले, ईरण्णा मिस्त्रीनं जन्मात पहिल्यांदा कशाला चांगलं म्हटलंय, म्हणजे वस्तू काय असंल! संस्थेच्या सगळ्या सायकलींना हेच चाक. ईरण्णाला वाटलं, आता सांगावं. पण काय सांगणार? जावई सोन्याचा आणि त्याचं चाक पितळेचं, असं म्हणून लेक कुठं नांदते? कल्याणप्पानं चाकं केली, आणि संस्थेचा मिस्त्री म्हणून ईरण्णानंच स्वतःच्या हातानं ती बसवली. एकेक कॉटरपिन ठोकताना त्याला वाटायचं, आपण आपल्याच डोक्यात खिळा ठोकतोय.

आणि मजा अशी झाली, की चाकं चालली!

“मिस्त्री, सायकल नुसती पळती की ओ,” श्रीपती म्हणाला. “चढावर पहिलं घामानं निथळायचो. आता गाणं म्हणत जातोय. जावई तुमचा लई डोक्याचा.”

ईरण्णानं त्याच्या कॅनला बोट लावलं. कॅन खुळखुळली. दुष्काळाचं साल ते. बहात्तरात जनावरं मेली, तसं नाही झालं, पण वैरण नव्हती, विहिरी आटलेल्या, म्हशींच्या कासा सुकलेल्या. कॅनमध्ये दूध ते किती, तळ झाकण्यापुरतं. सायकल हलकी झाली होती ती चाकानं नाही, दुष्काळानं. पण माणूस कसा असतो बघा, आपली कॅन अर्धी आहे हे कुणाला कबूल करवत नाही. गावात इज्जत जाते. त्यापेक्षा चाकाला श्रेय दिलेलं बरं. सगळे गवळीगडी छातीठोक सांगायचे, चाकानं निम्मं ओझं कमी झालं म्हणून.

‘गाढवं,’ ईरण्णा मनात म्हणाला. तोंडानं म्हणाला, “हं.”

तिकडनं निरोप यायचे ते सगळे गोड. कल्याणप्पाला कारखान्यात मान आला. सासू गुलाबला घालूनपाडून बोलायची ती ‘माजी बाय’ म्हणायला लागली. मग श्रावणात खबर आली, की गुलाबला दिवस गेलेत. मथुराबाईनं गल्लीत साखर वाटली. ईरण्णा त्या रात्री अंगणात पडून आभाळाकडं बघत राहिला. आभाळ गच्च भरलेलं होतं. सगळा मुलूख पावसासाठी हात जोडून बसलेला, आणि हा एकटाच मनात म्हणत होता, जरा दमानं रे बाबा.

पाऊस दमानं थोडाच येतो? त्या साली असा आला, की बांध फुटले. भाद्रपदापासून गवत गुडघ्याएवढं झालं, म्हशी सुटल्या, आणि पौष लागता कॅन झाकणापर्यंत भरायला लागल्या. रीतीप्रमाणं गुलाब पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. पोट पुढं, चेहऱ्यावर तेज.

आणि मग ओढ्याच्या चढावर श्रीपती उभं राहून पायडल मारायला गेला, दोन्ही कॅन काठोकाठ, आणि खाडकन चैन पडली. पाय हवेत गेला, सायकल मागं घसरली, श्रीपती खाली, वर कॅन. दूध ओढ्यापर्यंत वाहत गेलं. कुत्र्यांची दिवाळी झाली. श्रीपतीचा हात कोपरात मोडला. त्याच आठवड्यात दुसरा पडला, मग तिसरा.

हिंमतरावांनी संस्थेच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. कल्याणप्पालाही कारखान्यातनं बोलावून घेतलं. चाक चांगलं चाललं तेव्हा ते हिंमतरावांनी आणलं होतं. आता चैन पडली तर ते जावयाचं झालं होतं.

“बोला टर्नर,” हिंमतराव गरजले. “तुमच्या ह्या अंड्यानं माजा माणूस मोडला. संस्थेची अब्रू मातीत गेली. म्या म्हणतच व्हतो, नांगऱ्या तो नांगऱ्याच!”

कुणीतरी हसलं. कल्याणप्पाची मान छातीला टेकली. त्याची बोटं धोतराच्या काठाशी चाळा करत होती, आणि ईरण्णाला ती खूण माहीत होती. पुरणपोळीचं ताट सोडून उठला तेव्हाही ती बोटं अशीच चालली होती. आता हा उठेल. इथनं परस्पर जाईल. आणि गुलाब घरात बसलीय, आज ना उद्या बाळंत होणारी. लेकराचं तोंड बघायला बाप येणार नाही.

“ईरण्णा,” हिंमतराव वळले, “तू चांगलं म्हणला व्हतास. आता सांग. चाक वाईट का चांगलं?”

श्रीपती हात गळ्यात बांधून पुढंच बसला होता. सगळ्यांना वाटलं, आता ईरण्णा तोंड उघडणार. आता ऐकायला मिळणार.

“चाक झकास हाय,” ईरण्णा म्हणाला. “बसवणारा हात माजा व्हता. चैन ढिली सोडली म्या.”

“सगळ्याच सायकलींची?”

“सगळ्याच.”

“अन् तुला कळलं न्हाय?”

“डोळं गेलं, चेअरमन. वय झालं.”

श्रीपती त्याच्याकडं बघत राहिला. गाव एक वेळ विसरलं असतं, पण श्रीपती विसरणार नव्हता, की ईरण्णा अंधारातसुद्धा नुसत्या बोटानं चैनीचा ताण सांगायचा. त्यानं तोंड उघडलं.

“मिस्त्री, तुमी आन् चैन ढिली...”

“तू गप,” ईरण्णा म्हणाला. “तुला घंटी कळत न्हाय, चैन काय कळणार?”

श्रीपतीनं गळ्यातला हात सावरून घेतला.

हिंमतरावांना हवा तो बकरा मिळाला. “म्हातारा झालास लेका,” ते म्हणाले. “जगाला नावं ठिवता ठिवता हात गेला तुजा.” त्याच बैठकीत संस्थेच्या सायकलींचं काम एस्टी स्टँडवरच्या नव्या दुकानाला दिलं. सगळ्यांना पुन्हा गोल चाकं लावायचंही ठरलं, कारण काय तर अंड्याला चैन नीट बसवणारा मिस्त्री मुलुखात नाही.

वाटेत कल्याणप्पा सायकल हातानं ढकलत सासऱ्यामागनं चालला होता. घर आलं तसा म्हणाला, “मामा, चैन ढिली नव्हती. म्या बघितली पडलेली सायकल. चाकच...”

“जावईबापू,” ईरण्णा म्हणाला, “हातपाय धुवा. ताट वाढलंय.”

कल्याणप्पा जेवला. मान वर करून नाही, पण जेवला. गुलाबनं वाढलेली दुसरी पोळीही त्यानं नको म्हटली नाही. ईरण्णा समोर बसून बघत होता. जावयानं शेवटचा घास खाऊन ताटात हात धुतला, तेव्हाच ईरण्णानं स्वतःचं ताट पुढं ओढलं.

त्यानंतर दुकानात माणसं येईनाशी झाली असं नाही. पंक्चर काढायला यायची. पण नवी वस्तू दाखवायला कुणी येईना. एकदा कुणाचा तरी स्टो बघून तो सवयीनं म्हणाला, “ह्यो स्टो हाय का सुतळी बॉम?” तर तो माणूस म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मिस्त्री, तुमी त्या अंड्याला बी चांगलं म्हणला व्हतात.” आणि स्टो उचलून गेला. ईरण्णानं पिंक टाकली. तिला आता नुसत्या पिंकेएवढीच किंमत होती.

संस्थेनं काढून टाकलेल्या चाकांतलं एक त्यानं आणलं आणि स्वतःच्या सायकलला लावलं. बनवणाऱ्याचा सासराच वापरत नाही, असं उद्या कुणी म्हणू नये. त्यावरच बाजाराला जायचा, लेकीच्या सासरी नातवाचं बारसं झालं तिथंही त्यावरच गेला. झुकत, मागं येत, उंटावर बसल्यागत, पण चेहरा असा ताठ, की हसणाऱ्याला हसू आवरावं लागायचं.

ओढ्याचा चढ आला की मात्र उतरायचा. धोतराचा सोगा सुटलाय असं दाखवायचा, तो खोचत खोचत सायकल हातानं वर न्यायचा. एकदा मागनं श्रीपती आला. हात बरा झालेला, सायकल गोल चाकाची, कॅन भरलेल्या. तो सहज चढून गेला असता. पण तोही उतरला आणि शेजारनं चालायला लागला.

“काय मिस्त्री, कसं चाललंय चाक?”

“झकास. तुमच्यासारख्या गोल डोक्यांना न्हाय कळायचं ते.”

“व्हय, ते बी खरं हाय,” श्रीपती म्हणाला.

माथ्यावर दोघं सायकलीवर बसले. श्रीपती पुढं झाला आणि मागं न बघता जोरात निघाला. ईरण्णानं दोन पायडल मारले आणि चैन पडली. तो खाली उतरला. वाकायच्या आधी त्यानं पुढं बघितलं, मागं बघितलं. मग एका बोटानं, अंगरख्यावरची धूळ झटकावी तशी, चैन दातावर चढवली. बोट काळं झालं होतं. ते त्यानं धोतराला आतल्या बाजूनं पुसलं आणि टांग टाकली.